ससा खाईना झालाय? सिरिंज हातात घ्यायच्या आधी हे वाचा

सोलापुरात दरवर्षी एप्रिल-मेमधे, आणि परत दिवाळीत नाहीतर गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दारूकामाच्या दिवसांत, ससे पाळणाऱ्यांचा एकच प्रश्न असतो: ससा कालपासून काहीच खाईना, काय देऊ त्याला? आणि तोवर घरात काय काय करून झालेलं असतं तेही जवळपास ठरलेलं. दुधात भिजवलेलं बिस्कीट तोंडाला लावून झालेलं असतं, गूळपाणी पाजून झालेलं असतं, मेडिकलमधनं सिरिंज आणून काहीतरी पातळ घशात ओतून झालेलं असतं, आणि ससा आधीपेक्षा जास्तच गप्प झालेला असतो. सगळं प्रेमापोटी केलेलं असतं हो, पण क्रम चुकतो. थंड पडलेल्या, अंगातलं पाणी आटलेल्या आणि दुखणं सोसत बसलेल्या सशाच्या पोटात आपण अन्न कोंबतो आणि ते तिथंच पडून राहतं.

क्रम असा आहे: आधी तपासायचं, मग अंगाचं तापमान जागेवर आणायचं, मग पाणी, मग दुखण्यावर डॉक्टरचं औषध, आणि त्यानंतर घास. खालचं सगळं याच क्रमानं लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

किती वेळ वाट बघायची

कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर आपण उद्या बघू म्हणतो. सशाच्या बाबतीत हे चालत नाही. सशाचं आतडं दिवसरात्र चालू राहायला लागतं, ते मंदावलं की आतलं अन्न सुकतं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा अजून खात नाही, आणि हे चक्र तासातासानं घट्ट होत जातं. त्यात ससा जाड असेल तर उपाशीपणानं लिव्हरवर चरबी चढते, ती वेगळीच भानगड.

8 ते 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, की इमर्जन्सी समजा आणि डॉक्टरला फोन करा. रात्री अकराला लक्षात आलं आणि दुपारपासूनचा घास तसाच पडलेला असेल तर सकाळ होईपर्यंत थांबू नका, निदान खालचे पहिले तीन टप्पे त्याच रात्री सुरू करा.

घरात आधीच काय ठेवायचं

हे ससा ठणठणीत असताना जमवायचं सामान आहे, कारण यातलं निम्मं रात्री मिळत नाही.

- किचनमधला डिजिटल वजनकाटा, 5 किलोपर्यंतचा चालतो. दर रविवारी वजन करून लिहून ठेवा, कारण आजारपणात घट किती झाली ते त्यावरूनच कळतं.
- डिजिटल थर्मामीटर, सशासाठी वेगळा, आणि व्हॅसलीन.
- 1 किंवा 2 मिलीच्या आणि 5 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंज, पाच-सहा तरी.
- ऑक्सबोचं क्रिटिकल केअर हे सशांसाठीचं पावडर फूड. ऑनलाइन मागवायला दिवस जातात म्हणून आधीच आणून ठेवा, फोडलं की हवाबंद डब्यात फ्रीजमधे. ते नसेल तर चांगले गवताचे पेलेट्स, पाकिटावर फायबर 18 टक्के किंवा जास्त लिहिलेले. मका, सूर्यफूल, रंगीत तुकडे मिसळलेलं मिक्स या कामाचं नाही.
- दोन सोलापुरी टॉवेल, जाड आणि वापरून मऊ झालेले. नव्या टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात.
- सशाचे दात आणि एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरचा नंबर. हा आत्ताच शोधा, कसा ते टप्पा 4 मधे सांगतो.

टप्पा 1: हात लावून नीट तपासा

दहा मिनिटं द्या याला, आणि जे दिसेल ते मोबाईलमधे लिहून घ्या, डॉक्टर हेच विचारणार आहेत.

लेंड्या बघा. गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या असतात ना नेहमी? आता बारीक, वाकड्यातिकड्या, केसात ओवल्यासारख्या आहेत का, का पडल्याच नाहीत? शेवटची लेंडी कधी पडली असेल त्याचा अंदाज लावा. रात्रीच्या मऊ घोसासारख्या लेंड्या ससा स्वतःच खातो, ते नॉर्मल आहे, पण त्या तशाच पडून राहिल्या असतील तर तीही खूण.

बसणं बघा. कुबड काढून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलाय, पोट जमिनीला दाबतोय, दात करकर वाजवतोय, म्हणजे दुखतंय. कुरवाळल्यावर हळू दात घासतात ते वेगळं, हा आवाज मोठा आणि कडक असतो.

तोंड बघा. हनुवटी ओली, लाळ, खायला येतो, वास घेतो, उचलतो आणि टाकून देतो, असं असेल तर दाताकडे संशय ठेवा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि मागच्या दाढांना धारदार कड आली की जीभ, गाल कापला जातो. पुढचे दात चांगले दिसतात म्हणून दात बरोबर आहेत असं धरू नका, दाढा आपल्याला घरी दिसतच नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोट. दोन्ही हातांनी अलगद बाजूनं चाचपा.

थांबा: पोट फुग्यासारखं टम्म, कडक लागतंय, आणि ससा काल ठीक होता आणि काही तासांतच एकदम लोळागोळा झालाय, तर आतडं कशानं तरी अडलेलं असू शकतं. अशा सशाला तोंडानं काहीही भरवायचं नाही, पोट चोळायचं नाही, सरळ डॉक्टर. सशाला उलटी होत नाही, वरून घातलेलं बाहेर यायला वाटच नसते आणि पोट फुटायची वेळ येते. पुढचे भरवायचे टप्पे या सशासाठी नाहीत.

टप्पा 2: आधी तापमान

कान धरून बघा, पण तेवढ्यावर राहू नका. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात अगदी थोडा, सेंटीमीटरभर, घालायचा. एकानं ससा छातीशी धरायचा, दुसऱ्यानं मोजायचं. ससा फार झटापट करायला लागला तर सोडून द्या, जोरात लाथ मारताना स्वतःचाच मणका मोडून घेतात ससे. 101 ते 103 फॅरेनहाइट हे साधारण नॉर्मल.

100 च्या खाली असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेवा, वरून सोलापुरी चादर अर्धी पांघरा, आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा म्हणजे नको वाटलं तर सरकता येईल. हेअर ड्रायर, शेगडी, थेट बल्ब नको. 101 होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. थंड सशाचं आतडं हलतच नाही, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे फरशीवर पडून राहिलेल्या सशात हे हमखास दिसतं.

आपल्याकडे मे महिन्यात उलटं होतं. पारा 42-43 ला गेला, पत्र्याची खोली, दुपारी लाईट गेलेली, आणि ससा आडवा पडून भराभरा श्वास घेतोय, कान लालबुंद गरम. तापमान 104 च्या पुढे असेल तर कानांना साध्या पाण्यानं ओला रुमाल लावा, फॅनखाली फरशीवर ठेवा, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. बादलीत बुडवायचं नाही, बर्फ थेट अंगाला लावायचा नाही, शॉक बसतो. 103 ला आला की थंड करणं थांबवा आणि दवाखान्यात न्या, वरून बरा दिसला तरी न्या, कारण उन्हाच्या झटक्याचा आतला परिणाम नंतर दिसतो.

टप्पा 3: पाणी

2 किलोचा निरोगी ससा दिवसाला 100 ते 300 मिलीच्या आसपास पाणी पितो. खाणं सुटलेला ससा पाणीही सोडतो आणि आतड्यातला माल सुकून घट्ट होतो, म्हणून नुसतं कोरडं पावडर फूड घट्ट कालवून घातलं तर अडचण वाढते.

बाटलीच्या नळीपेक्षा मातीचं किंवा स्टीलचं पसरट भांडं ठेवा, आजारी ससा त्यातून जास्त पितो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, साठवणीचं असतं, तर सशाचं भांडं तरी सकाळ-संध्याकाळ घासून नवीन भरा. कोथिंबिरीची जुडी धुऊन पाणी न झटकता तशीच ओली द्या. पीत नसेल तर सिरिंजनं अर्धा-अर्धा मिली साधं कोमट पाणी, पद्धत टप्पा 6 मधे दिलीय तीच.

गूळपाणी, साखरपाणी, ग्लुकॉन-डी, मध, ताक, दूध यातलं काही नको. साखरेनं आतड्यातले वाईट जंतू वाढतात आणि गॅस जास्त होतो. चामडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू खाली बसतेय असं वाटलं तर तोंडानं पाजलेलं पुरणार नाही, डॉक्टरला कातडीखाली सलाईन द्यावं लागतं.

टप्पा 4: डॉक्टर, आणि डॉक्टरला काय विचारायचं

हा टप्पा लोक सगळ्यात शेवटी ठेवतात, आणि भरवण्याच्या आधी तो का येतो ते समजून घ्या. ससा न खाणं हा आजार नसतो, ती खूण असते. मागं दात असतो, दुखणं असतं, भीती असते, जोडीदार गेलेला असतो, अचानक बदललेलं खाणं असतं. दुखणं थांबल्याशिवाय कितीही भरवा, ससा स्वतः खायला लागणार नाही.

फोनवरच विचारा: सशाच्या दाढा बघायचं साधन आहे का, एक्स-रे होईल का, महिन्याला ससे किती येतात. गाई-म्हशी बघणारे डॉक्टर हुशार असतातच पण ससा हा वेगळा प्राणी आहे, त्यामुळं विचारायला लाजू नका. इथं सोय झाली नाही तर पुणं साधारण 250 किलोमीटर, पहाटे निघा, ऊन चढायच्या आत पोचा. पिंजऱ्यात खाली टॉवेल, सोबत वाळलेलं गवत आणि त्याचा जोडीदार ससा असेल तर तोही बरोबर घ्या, एकटं पडल्यावर ताण वाढतो.

औषधांबद्दल तीन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा.

एक, माणसाची वेदनाशामक गोळी घरी मोडून द्यायची नाही. डॉक्टर बहुतेकदा मेलोक्सिकॅम देतात, पण ते वजनावर मोजून, आणि अंगात पाणी आहे हे बघून.

दोन, अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन असली अँटिबायोटिक सशाला तोंडानं दिली की आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. लहान मुलाचं उरलेलं सिरप तर अजिबात नाही. चिठ्ठीवर यातलं नाव दिसलं तर आदरानं पण स्पष्ट विचारा, 'सर, हे सशाला तोंडानं चालतं का?'

तीन, गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याला मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रे सशाला विषारी आहे. अंगावर मारू नका, आणि घरातल्या कुत्र्याला मारला असेल तर ससा त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

ऑपरेशन ठरलं आणि कोणी 'रात्रीपासून उपाशी ठेवा' म्हणालं तर परत विचारा. तो नियम कुत्र्या-मांजराचा आहे, उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटी होत नाही, उपाशी ठेवल्यानं उलट आतडं थांबतं.

टप्पा 5: भरवायचं काय आणि किती

पोट टम्म नाही, तापमान जागेवर आहे, थोडं पाणी गेलंय, डॉक्टरनी भरवा म्हटलंय. आता घास.

क्रिटिकल केअर असेल तर एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी, पाच मिनिटं फुगू द्या. पेलेट्स असतील तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमधून गंधासारखे बारीक करा, गाठी राहिल्या तर चाळणीतनं काढा आणि पाणी घालून सैल करा. चव म्हणून कोथिंबीर किंवा पुदिन्याची चार पानं त्यातच वाटा, पण फळ नको, केळं तर नकोच. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे. उन्हाळ्यात बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, उरलेलं फ्रीजमधे, आणि दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

भाकरी कुस्करून, वरणभात, सेरेलॅक, पाव, चुरमुरे? नाही. पोट भरल्यासारखं दिसतं पण आतडं फायबरनं चालतं, पिठानं नाही.

प्रमाण साधारण असं: दिवसाला किलोमागं 50 मिलीच्या आसपास कालवलेलं, चार ते पाच वेळात वाटून. म्हणजे दीड किलोचा ससा असेल तर दिवसाला 75 मिली, एका वेळी 15 मिली. पण पहिल्या वेळी एवढं देऊ नका, 5 मिली द्या, दोन तास बघा, पोट फुगलं नाही तर पुढच्या वेळी वाढवा. डॉक्टरनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

टप्पा 6: प्रत्यक्ष भरवणं

इथंच सगळ्यात जास्त ससे दगावतात, म्हणून सावकाश वाचा.

धरायचं कसं. टॉवेल जमिनीवर पसरा, टेबलावर नाही, उडी मारली तर पाय मोडतो. ससा मधे, आधी एक बाजू गळ्याखालून घट्ट, मग दुसरी, मग मागची बाजू वर, डोकं फक्त बाहेर. तुम्ही गुडघ्यावर बसा आणि ससा तुमच्या मांड्यांच्या मधे, तोंड पुढं, म्हणजे मागं सरकता येत नाही. कान धरून उचलायचं नाही. आणि बाळासारखं पाठीवर उताणं झोपवून भरवायचं नाही, कधीच नाही, पातळ पदार्थ सरळ फुफ्फुसात जातो.

सिरिंज कुठं घालायची. पुढच्या दातांच्या मागं आणि दाढांच्या आधी दोन्ही बाजूला रिकामी जागा असते, तिथं ओठ बाजूनं थोडा उचलून सिरिंजचं टोक आत. टोकाची दिशा समोरच्या गालाकडं, घशाकडं नाही. डोकं सरळ, नेहमी बसतो त्याच उंचीवर, वर उचलायचं नाही.

अर्धा मिली ढकला. थांबा. तो चावतो का, गिळतो का बघा. गिळल्याशिवाय पुढचा अर्धा मिली नाही. 15 मिलीला वीस मिनिटं लागली तर लागू द्या, घाई असेल तर त्या वेळी भरवूच नका. चार-पाच घासांनंतर एक मिनिट सोडा, डोक्यावरून हात फिरवा, श्वास बघा.

सिरिंजमधनं जाड कालवण जात नसेल तर लहान सिरिंजचं टोक कापून तोंड मोठं करता येतं, पण कापल्यावर काचपेपरनं घासून धार मोडा, नाहीतर हिरडी फाटते.

तपासा: नाकातून पदार्थ आला, खोकला, ठसका, श्वासाला घरघर, ओठ निळसर, तर लगेच बंद. टॉवेल सैल करा, डोकं थोडं खाली येऊ द्या, तोंड पुसा आणि डॉक्टरला फोन. 'थोडंच राहिलंय, संपवू' असं करू नका.

तोंड घट्ट मिटून बसला तर सिरिंजला बाहेरून थोडं कालवण फासा, ओठाला लावा, चाटू द्या. बरेच ससे दोन-तीन वेळा चव कळल्यावर वाटीतून स्वतःच चाटायला लागतात, आणि ते सिरिंजपेक्षा कधीही चांगलं.

झालं की हनुवटी, छाती, पंजे ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करा. वाळलेलं कालवण केसात राहिलं की कातडी सडते. शेपटीखाली पण बघा, पावसाळ्यात तिथली घाण राहिली तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात.

नंतर खोलीत मोकळं सोडा. चार उड्या मारल्या तरी आतड्याला चालना मिळते.

टप्पा 7: स्वतः खायला लावणं

सिरिंज चालू असतानाच समोर खरं खाणं कायम राहू द्या. पहिलं वाळलेलं गवत. आपल्या भागात मारवेल, पवन्याचं वाळलेलं गवत मिळालं तर उत्तम, नाहीतर हरळी स्वच्छ जागेवरून कापून सावलीत वाळवा. बुरशीचा वास, काळे-पांढरे डाग असतील तर टाकून द्या. कडबा टोचतो आणि ससा त्यातली पानंच निवडतो, आजारपणात त्यावर भरवसा नको. हिरवी कोवळी ज्वारी तर आणूच नका, कोवळ्या ज्वारीनं जनावरं दगावतात हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

मग पाला. लक्ष्मी मंडईतनं सकाळी ताजी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, थोडी मेथी, घरची तुळस. फवारणीचा भरवसा नाही म्हणून दोन-तीन पाण्यानं धुवा. लसूणघासाची दोन-चार देठं भूक चाळवायला चालतात, पण मोठ्या सशाला रोजचं खाणं म्हणून नको, कॅल्शियम जास्त असतं. कोबी-फ्लॉवर सध्या नको, गॅस होतो. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही.

एक युक्ती खूप कामी येते: पाला वाटीत ठेवू नका, हातात धरून त्याच्या ओठाला टेकवा, पान फाडून वास येऊ द्या. जोडीदार असेल तर त्याला शेजारी बसवून खाऊ द्या, दुसरा खाताना बघून आजारी ससा तोंड हलवायला लागतो. खोलीत टीव्ही, मिक्सर, मुलांचा गोंगाट नको. फटाक्यांच्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, वर चादर.

टप्पा 8: सिरिंज कधी बंद करायची

पहिली लेंडी पडली की घरात आनंद होतो आणि लगेच सिरिंज बंद होते, आणि दोन दिवसांनी ससा परत कोपऱ्यात. पहिल्या लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या, कधी शेंबडासारखा चिकट पदार्थ लागलेल्या असतात, त्या फक्त आतडं हललं एवढंच सांगतात.

बंद करायचं ते असं: तो स्वतः गवत खातोय (नुसता पाला नाही, गवत), लेंड्यांचा आकार नेहमीसारखा व्हायला लागलाय, आणि वजन दोन दिवस टिकलंय. मग पाच वेळांवरून तीन, मग दोन, मग फक्त रात्रीचं एक, असं उतरवा. वजन रोज सकाळी एकाच वेळी. सुरुवातीच्या वजनापेक्षा 5 टक्के घट झाली तर डॉक्टरला सांगा, 10 टक्के झाली तर त्याच दिवशी न्या. 2 किलोच्या सशाला 10 टक्के म्हणजे फक्त 200 ग्रॅम, डोळ्यांना ते दिसत नाही, काट्यालाच दिसतं.

औषध मधेच सोडू नका. खायला लागला म्हणून वेदनेचं औषध तिसऱ्या दिवशी बंद केलं आणि दुखणं परत आलं, असं सारखं होतं. आणि महिन्या-दोन महिन्यांत हेच परत घडलं तर घरी सिरिंज घेऊन बसू नका, गुंगी देऊन दाढा नीट तपासून घ्या, दाढेची कड घासल्याशिवाय तो ससा खाणार नाही.

शेतात सापडलेल्या रानसशाच्या पिल्लाला मात्र यातलं काही करू नका. तो वेगळा प्राणी आहे, कायद्यानं त्याला पाळता येत नाही, आणि आई दिवसभर जवळ नसते म्हणून ते पोरकंही नसतं. जखमी नसेल तर होतं तिथंच ठेवा, जखमी असेल तर वन विभागाला कळवा.